वाफेचें पोतेरें

घरांतील जी वस्तु अष्टौप्रहर आपल्या सर्वांत जवळ असते आणि जिच्याकडे आपलें लक्ष सर्वांत कमी जातें ती म्हणजे पायांखालची जमीन. तिच्यावर आपण मांडी घालून जेवतों, अंथरूण पसरून निजतों, वह्या-पुस्तकें मांडून अभ्यास करितों. घरांत रांगतें मूल असेल तर त्याचें सारें जग तेवढेंच. तें जमिनीवर पडलेला चुरमुऱ्याचा दाणा शोधून काढतें आणि आईचें लक्ष जाण्यापूर्वीं तोंडांत घालतें. ज्या देशांत माणसें खुर्चीवर बसतात व पायांत जोडे घालून घरभर हिंडतात, तेथें जमीन थोडी मळकी राहिली तरी निभावतें. आपल्या घरीं निभावत नाहीं. म्हणून जमीन कशानें व कशी पुसावी हा प्रश्न केरवाऱ्यापुरता नाहीं. शास्त्राच्या तासाला घेण्यासारखा आहे.

अलीकडे या प्रश्नाला एक नवें उत्तर पुढें आलें आहे. नगर-मनमाड रस्त्यावर, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीभोंवतीं ज्या नव्या इमारती उठल्या, त्यांतील एखाद्या घरांत विजेवर चालणारें, लांब दांड्याचें एक हलकें यंत्र भिंतीशीं टेकून ठेवलेलें दिसतें. दुकानदार त्याला 'स्टीम मॉप' म्हणतो. चूल सारवितांना आपल्या आज्या जें ओलें फडकें वापरीत त्याला पोतेरें म्हणत. तेव्हां या यंत्राला आपण वाफेचें पोतेरें म्हणूं. विकणारा सांगतो कीं, याला फिनेल नको, ॲसिड नको, साबणहि नको. नुसतें पाणी घाला आणि फरशी लखलखीत व जंतुरहित करून घ्या. हें खरें काय, असें कित्येक पालक विचारतात, आणि नववी-दहावीचीं मुलेंहि विचारतात. 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्यावर हें उत्तर संपत नाहीं. फरशी कशाची, मळ कशाचा, आणि वाफ एका जागीं किती वेळ, या तीन गोष्टी आधीं पाहाव्या लागतात.

प्रथम फरशी. आपल्या जिल्ह्यांतील जुनीं घरें धाब्याचीं. त्यांची जमीन मुरूम-माती चोपून केलेली आणि आठां-पंधरां दिवसांनीं शेणानें सारवावयाची. सारवल्यानें शेणांतील गवताचे बारीक तंतु मातीस धरून ठेवितात, भेगा बुजतात व धूळ उडत नाहीं, एवढा त्याचा गुण खरा. परंतु शेणानें जंतु मरतात ही समजूत मात्र टाकिली पाहिजे. धनुर्वाताचा जंतु, जो किटासाटो या जपानी शास्त्रज्ञानें १८८९ सालीं प्रथम निराळा काढून दाखविला, त्याचीं बीजें गुरांच्या शेणांत व खताच्या मातींतच सांपडतात. अशा जमिनीवर वाफ सोडणें म्हणजे चिखल करणें होय. तेव्हां जेथें अजून मातीची जमीन आहे तेथें या यंत्राचा विचारच नको.

मातीनंतर आली शहाबादी. कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांत शहाबाद नांवाचें गांव आहे. तेथील खाणींतील करडी फरशी आगगाडीनें व ट्रकांनीं साऱ्या महाराष्ट्रांत पसरली, आणि आजहि नागापुरांत ज्या घरांतील ओटा, मोरी किंवा अंगण शहाबादीचें नाहीं असें घर विरळा. आपल्या डोंगरांतील काळा दगड हा ज्वालामुखीच्या रसाचा, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. शहाबादी त्याहून कितीतरी प्राचीन, आणि तिची उत्पत्ति अग्नीची नसून पाण्याची आहे. समुद्राच्या तळाशीं चुन्याचा गाळ थरावर थर सांचत गेला व दडपून त्याचा दगड झाला. म्हणूनच तिच्या सरळ लाद्या निघतात. रसायनशास्त्रांत तिचें मुख्य द्रव्य म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवर त्याच द्रव्याचा, आणि मोझेकच्या लादींत जे रंगीत खडे दिसतात तेहि बहुधा संगमरवराचेच. हें नीट लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

सर्वांत नवी ती व्हिट्रिफाइड टाइल. माती, फेल्डस्पार व गारेची पूड एकत्र दाबून सुमारें १२०० अंश उष्णतेच्या भट्टींत ती भाजतात, त्यामुळें तिचा अंतर्भाग कांचेसारखा एकजीव होतो. शंभर ग्राम वजनाचा तुकडा पाण्यांत ठेविला तर तो अर्धा ग्रामहि पाणी पीत नाहीं. शहाबादी मात्र पाणी पिते, तेल पिते, हळदहि पिते. स्वयंपाकघरांतील जुन्या लादीकडे पाहिल्यास तें कोणालाहि कळेल.

आतां या फरश्यांवर आपण ओततों काय तें पाहूं. पहिलें फिनेल. काळें फिनेल दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या तेलांचें, पांढरें बहुधा पाइन झाडाच्या तेलाचें. त्याचा वास उग्र असतो, आणि वास आला म्हणजे घर स्वच्छ झालें अशी आपल्या मनाची खूण पटून गेली आहे. ती खूण खोटी आहे. मळ न काढतां वरून फिनेल शिंपडलें तर मळ जागच्या जागींच राहतो व त्याला फक्त वास लागतो. ग्लासगो येथें लिस्टर यानें १८६५ सालीं डांबरापासूनच मिळणारें कार्बोलिक ॲसिड जखमांवर वापरून शस्त्रक्रियेंत क्रांति केली हें खरें. पण तें द्रव्य जखमेवर, जेथें हवें तेथें लाविलें म्हणून तो गुण आला. तेंच द्रव्य भलतीकडे ओतलें तर काय होतें याचा दाखला आपल्याच प्रांताच्या इतिहासांत आहे. १८९६-९७ च्या प्लेगांत मुंबईस व पुण्यास घरेंच्या घरें कार्बोलिकनें धुवून काढण्यांत आलीं, गटारें त्यानें भरलीं, ठिकठिकाणीं घरांतील जमिनी उकरल्या. पुण्यांतील त्या झडत्यांची हकीकत मुलांनीं इतिहासांत वाचलेली असेलच. पण प्लेग जमिनींतून येत नव्हता. तो उंदरांच्या अंगावरील पिसवा आणीत, हें पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराची येथें दाखवून दिलें. जमीन धुतली गेली. उंदीर मात्र पिसवांसह शेजारच्या घरीं राहावयास गेले.

दुसरें ॲसिड. मोरी व संडास धुण्याकरितां दुकानांतून जें पिवळसर पाणी बाटलींत मिळतें तें हायड्रोक्लोरिक आम्ल. प्रयोगशाळेंत शहाबादीचा एक फुटका तुकडा बशींत ठेवून शिक्षकांच्या देखत त्यावर त्याचे दोन थेंब टाकावे. तत्काळ फसफसून फेस येतो. घरीं हा फेस दिसला म्हणजे बाया समाधानानें म्हणतात, 'बघा, कसा मळ निघतोय!' तो फेस मळाचा नसून दगडाचा आहे. आम्ल व कॅल्शियम कार्बोनेट यांचा संयोग होऊन कर्बवायु सुटतो, आणि दगडाचा अंश विरघळून पाण्याबरोबर वाहून जातो. लादी क्षणभर उजळ दिसते, कारण तिची वरची त्वचाच गेलेली असते. पण मागें जो पृष्ठभाग राहतो तो खडबडीत होतो. त्या खांचांत मळ अधिक लौकर व अधिक घट्ट बसतो. पुढच्या महिन्यांत पुन्हां ॲसिड लागतें. आणि असें करतां करतां पांच-सात वर्षांत लादीला खड्डे पडतात. लिंबू, चिंच व व्हिनेगार हींहि आम्लेंच होत. 'घरगुती उपाय' एवढ्या नांवावर तीं शहाबादीस किंवा संगमरवरास निरुपद्रवी ठरत नाहींत. फेस थोडा येतो इतकेंच.

लादीची गोष्ट एक वेळ राहूं द्या. ती पैसे देऊन नवी मिळते. याहून मोठी गोष्ट फुप्फुसांची आहे. ॲसिड घासूनहि डाग जात नाहीं असें पाहून कित्येक जणी त्यावर ब्लीचिंग पावडर टाकितात. हीं दोन द्रव्यें एकत्र आलीं कीं क्लोरीन वायु सुटतो. पहिल्या महायुद्धांत २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र गांवाजवळ जर्मन सैन्यानें शत्रूवर सोडिला तो हाच वायु. तो हवेपेक्षां सुमारें अडीच पट जड असल्यामुळें त्या वेळीं खंदकांत उतरून बसला. तसाच तो खालीं वांकून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडाशीं साठतो. मोरी चार फूट लांब, खिडकी वितीएवढी, आणि पाणी बाहेर उडूं नये म्हणून दार लावलेलें. आधीं डोळे चुरचुरतात, मग खोकल्याची ढास लागते. दम्याचा विकार असेल तर गोष्ट जिवावर येते. असा वास येतांच सर्व टाकून मोकळ्या हवेंत जावें, आणि खोकला किंवा धाप थांबली नाहीं तर डॉक्टरांकडे न्यावें. पालकांना येथें विशेष विनंती आहे ती त्यांच्याविषयीं, ज्या दुसऱ्यांच्या घरीं धुण्या-पुसण्यास जातात. त्यांना बाटलीवरील सूचना बहुधा कोणी वाचून दाखवीत नाहीं. मुलांनीं ती वाचून दाखवावी.

फिनेल किंवा ॲसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवण्याची चाल तर अजिबात बंद व्हावी. तहानलेलें मूल बाटलीचा आकार ओळखतें, वास ओळखेपर्यंत घोट गेलेला असतो. असा प्रसंग ओढवला तर मुलास ओकारी काढावयास लावूं नये. वर येतांना तें द्रव्य घसा दुसऱ्यांदां जाळतें. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें.

इतकें पाहिल्यावर नुसत्या वाफेनें जमीन स्वच्छ होत असेल तर ती कोणाला नको होईल? म्हणून आतां वाफ काय करूं शकते तें बघूं.

समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांवर उकळतें. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच आहे. येथें हवेचा दाब कमी, म्हणून आपलें पाणी सुमारें ९८ अंशांवरच उकळूं लागतें. उकळी फुटल्यावर जाळ कितीहि वाढविला तरी उघड्या भांड्यांतील पाण्याचें उष्णतामान वाढत नाहीं. मग ती उष्णता जाते कोठें? स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यानें अठराव्या शतकांत या प्रश्नाचा छडा लाविला: ती पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते व वाफेच्या पोटांत दडून बसते. तिला सुप्त उष्णता म्हणतात. एक ग्राम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० उष्मांक लागतात, आणि त्या वाफेचें पुन्हां पाणी झालें कीं ते सारेच्या सारे परत मिळतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक भीतीची: हातावर उकळतें पाणी एक ग्राम पडलें तर तें शरीराच्या उष्णतेइतकें निवेपर्यंत सुमारें ६० उष्मांक देतें, तितक्याच वाफेचें हातावर पाणी झालें तर ती सुमारें ६०० देते. दहापट! इडलीपात्राचें झांकण उघडतांना ज्यांचा हात भाजला आहे त्यांना हें गणित मांडून दाखविण्याची जरूर नाहीं. दुसरी कामाची: थंड फरशीला वाफ लागतांच तिचें पाणी होतें व ती आपली सारी सुप्त उष्णता नेमकी मळाच्या थरांत सोडते. तेलकट मळ वितळतो, दुधाचा व साखरेचा वाळलेला डाग ओला होऊन सुटतो, आणि खालचें जाड कापड तो उचलून घेतें. वाफेच्या पोतेऱ्याची सारी करामत एवढीच. मळाचा नाश होत नाहीं. तो फरशीवरून कापडांत जातो. म्हणून यंत्र फिरविण्यापूर्वीं केर नीट काढलाच पाहिजे, नाहीं तर वाफेनें धूळ भिजून तिचा चिखल साऱ्या घरभर सारखा पसरतो. आणि कापड मळलें कीं बदललें पाहिजे. हें न करणारा गृहस्थ दुसऱ्या आठवड्यांत यंत्रालाच नांवें ठेवतो.

यंत्राची रचना साधी आहे. दांड्याला अर्धा लिटर किंवा थोडें अधिक पाणी मावेल अशी टांकी, तिच्याखालीं पाणी थोडें थोडें पुढें ढकलणारा लहान पंप, मग पाणी तापविणारी विजेची कुंडली, आणि शेवटीं चपट्या पायाला गुंडाळलेलें बारीक धाग्यांचें कापड. १५०० वॉटचें यंत्र धरून एक गणित करूं. तें दर सेकंदास १५०० जूल उष्णता देतें. नळाचें २५ अंशांचें एक ग्राम पाणी ९८ अंशांपर्यंत नेण्यास ७३ उष्मांक, व त्याची वाफ करण्यास ५४०, मिळून ६१३. एक उष्मांक ४.२ जूलचा, म्हणजे हे सुमारें २५७५ जूल झाले. भागाकार केला तर सेकंदास ०.५८ ग्राम, मिनिटास सुमारें ३५ ग्राम वाफ निघते. वीस मिनिटें काम केलें तर पाणी ७०० ग्राम व वीज अर्धा युनिट. त्याच कामाला एरवीं दोन बादल्या पाणी लागतें. ज्या जिल्ह्यांत उन्हाळा लागला कीं गांवोगांव टँकरची वाट पाहतात, तेथें हा फरक किरकोळ म्हणतां येणार नाहीं.

आतां जंतूंविषयीं. आपला जिल्हा दुधाचा. डेअरींत दूध कसें तापवितात हें पुष्कळांना ठाऊक असेल. पाश्चरीकरणांत दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवितात, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद. उष्णता वाढली तर वेळ कमी पुरतो. पण वेळ लागतोच. उष्णता आणि वेळ ही जोडी आहे. वाफेच्या पोतेऱ्याचेंहि तसेंच आहे. नेहमींच्या पुसण्याच्या वेगानें आपण तें फिरवूं लागलों तर फरशीच्या एका जागेवर वाफ जेमतेम सेकंदभर राहते, आणि जाड फरशी तेवढ्यांत फारशी तापतहि नाहीं. जंतु मारावयाचे तर एका जागीं निदान दहा-पंधरा सेकंद थांबलें पाहिजे. यंत्राचा पाय साधारण एक फूट लांब व अर्धा फूट रुंद, म्हणजे अर्धा चौरस फूट. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब. १२० चौरस फूट. म्हणजे पाय २४० ठिकाणीं ठेवावा लागेल. प्रत्येक ठिकाणीं १५ सेकंद तर ३६०० सेकंद. एका खोलीला पुरा एक तास, दीड युनिट वीज, आणि टांकी चार-पांच वेळां भरणें! असें कोणी करीत नाहीं व करण्याचें कारणहि नाहीं. स्वयंपाकाच्या ओट्याखालची जागा, मूल जेथें जेवतें ती, दूध सांडलें ती, मांजरानें घाण केली ती, एवढ्या ठिकाणीं सावकाश थांबावें; बाकी घर सरळ पुसून घ्यावें.

शिवाय कित्येक जंतु संकट आलें म्हणजे कवचांत शिरून बीजरूपानें राहतात. वर सांगितलेला धनुर्वाताचा जंतु त्यांपैकींच. त्यांना साधी वाफ पुरत नाहीं. पाश्चरचे सहकारी शांबरलँड यांनीं १८७९ सालीं जें दाबाचें पात्र तयार केलें, तें रुग्णालयांत हत्यारें शुद्ध करण्याकरितां अजून वापरतात. त्यांत वाफ कोंडून १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटें ठेवितात, तेव्हां कोठें हीं बीजें मरतात. तेव्हां घरगुती यंत्रानें फरशी 'संपूर्ण निर्जंतुक' होते असें कोणी सांगितलें तर तें विक्रीचें बोलणें समजावें. आणि खरें पाहतां घरच्या जमिनीला इतक्या शुद्धतेची गरजहि नसते; ती कोरडी व निर्मळ असली कीं बहुतेक जंतु तेथें टिकत नाहींत.

एक अपवाद मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. घरांत हगवणीचा किंवा पटकीचा रोगी असेल तर तेथें रसायन नको हा हट्ट धरूं नये. जमिनीवर पडलेल्या ओकारीवर व मळावर डॉक्टर किंवा आरोग्यसेविका सांगतील त्या प्रमाणांत ब्लीचिंग पावडरचें पाणी टाकावें. तेथें तेंच योग्य औषध आहे. तें एकटेंच वापरावें, त्यांत दुसरें कांहीं मिसळूं नये, आणि खिडक्या उघड्या असाव्या.

हें यंत्र घरोघरीं नेण्यांत ज्यांचा मोठा वांटा आहे त्यांत दक्षिण कोरियांतील हान क्यूंग-ही या बाईंचें नांव घेतात. त्या सरकारी शिक्षणखात्यांत नोकरीस होत्या. कोरियांतील लोकहि आपल्यासारखेच जोडे बाहेर काढून घरांत जमिनीवर बसतात, निजतात; थंडींत तर जमीनच खालून ऊब देऊन तापविण्याची त्यांची प्राचीन पद्धति आहे. त्यामुळें तेथील बायांना गुडघे टेकून ओल्या फडक्यानें सारी जमीन पुसावी लागे. नोकरी सांभाळून हें रोजचें काम करितां करितां त्या कंटाळल्या आणि वाफेच्या यंत्राच्या मागें लागल्या. १९९९ सालीं त्यांनीं कंपनी काढिली. माझ्या मतें या यंत्राचा सर्वांत मोठा गुण तोच आहे, ज्याविषयीं जाहिरातींत थोडें बोलतात: तें उभ्यानें चालवितां येतें. ज्या आईचे गुडघे दुखतात, जिला पाटावरून उठतांना भिंत धरावी लागते, तिच्या दृष्टीनें जंतूंच्या हिशेबापेक्षां ही गोष्ट अधिक मोलाची आहे. अर्थात् लांब दांड्याचें साधें पुसणेंहि तो गुण पुष्कळ अंशीं देतें.

मग कोणत्या फरशीला हें लावावें? व्हिट्रिफाइड व चकचकीत भाजलेल्या टाइलला बेलाशक, फक्त सांध्यांतील सिमेंट शाबूत असावें. शहाबादी, कडप्पा व संगमरवर यांना जपून: दगड पाणी पितो, पॉलिशचें मेण वाफेनें पांढुरकें पडतें, आणि थंडींतील गार दगडाला एकदम चटका बसला तर जुन्या चिरा वाढतात. अशा ठिकाणीं कोपऱ्यांत थोडें करून पाहावें, व पाय एका जागीं थांबवूं नये. लांकडी जमीन फुगते आणि डिंकानें चिकटविलेला व्हिनाइलचा पट्टा उखडतो. तेथें वाफ नकोच.

विजेचीहि एक बाब आहे. १५०० वॉटला २३० व्होल्टनें भागिलें तर साडेसहा अँपिअर येतात. पंखा, मोबाइल जेथें लावितों त्या सहा अँपिअरच्या लहान सॉकेटला हें ओझें अधिक होतें. इस्त्री व गीझरकरितां असतें तसें सोळा अँपिअरचें, तिसऱ्या पिनेला अर्थिंग असलेलें सॉकेट हवें. ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून हें यंत्र चालवावयाचें असतें, म्हणून अर्थिंगची तपासणी तारतंत्र्याकडून आधीं करून घ्यावी. पायांत कोरडी रबरी चप्पल असावी. आणि यंत्र चालू असतां रांगतें मूल दुसऱ्या खोलींत असावें, याचें कारण वरच्या दहापटींत आलेंच आहे.

ज्यांना यंत्र घेणें परवडत नाहीं किंवा घ्यावयाचें नाहीं त्यांनीं खंत करूं नये. हात सोसेल इतकें ऊन पाणी, त्यांत चिमूटभर धुण्याचा सोडा किंवा थोडा साबण, आणि दुसऱ्या बादलींत स्वच्छ पाणी. फडकें पहिल्या बादलींत बुडवून घट्ट पिळावें, हातभर पट्टा पुसावा, दुसऱ्या बादलींत खळबळून मग पुन्हां पहिल्यांत घालावें. एकाच बादलींतील काळ्या पाण्यानें सारें घर पुसणें ही आपल्याकडील खरी खोड आहे. त्या पाण्यांत फिनेल घातल्यानें तें पांढरें दिसतें, स्वच्छ होत नाहीं. शेवटीं पंखा लावून फरशी कोरडी करावी. वाफेच्या यंत्रांत रसायनाऐवजीं उष्णता, कापड व कोरडेपणा हे तीन मजूर काम करितात. ते तिघेहि या दोन बादल्यांत निम्म्याहून अधिक कामावर असतात.

राहतां राहिली आपल्या पाण्याची गोष्ट. नगरच्या नळाला मुळा धरणाचें पाणी येतें. परंतु नागापूर व आसपासच्या वस्त्यांत पुष्कळांचा भार बोअरवर असतो, आणि काळ्या दगडाच्या भेगांतून झिरपून आलेलें तें पाणी जड, शास्त्राच्या भाषेंत दुष्फेन, असतें. त्यांत साबणाला फेस येत नाहीं, आणि उकळलें कीं भांड्याच्या बुडाशीं पांढरा थर धरतो. हाच थर यंत्राच्या कुंडलीवर बसला म्हणजे वाफेची वाट बुजते व कांहीं महिन्यांत यंत्र नुसतें गुरगुरतें. म्हणून टांकींत गाळण-यंत्राचें गोडें पाणी घालावें. तें नसेल तर पाणी दहा मिनिटें खळखळ उकळून, निववून, वरची निवळ तेवढी घ्यावी. पावसाळ्यांत पागोळीखालीं धरलेलें पाणी गाळून घेतलें तरी चालतें. काम संपतांच टांकी रिकामी करावी आणि कापड सोडवून, गरम पाण्यांत धुवून उन्हांत वाळवावें; ओलें कापड यंत्राला तसेंच गुंडाळून ठेविलें तर दुसऱ्या दिवशीं त्याच्या वासावरून तें कोठें आहे हें कळतें.

थर बसलाच तर यंत्राच्या पत्रकांत मनाई नाहीं एवढें पाहून, लिंबूसत्त्व पाण्यांत विरघळवून टांकींत घालावें व सांगितलेला वेळ तसेंच राहूं द्यावें. आंत बारीक फसफस होते. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो; ज्या क्रियेनें शहाबादी झिजते तीच येथें उपयोगी पडते. मग दोन वेळां साध्या पाण्यानें टांकी खळबळून घ्यावी, आणि तें आंबट पाणी शहाबादीच्या मोरीवर न ओतता घराबाहेरच्या गटारांत सोडावें.